डीएमआयटी, आयक्यू की संडे स्कूलची परीक्षा? मुलाची कुवत नक्की कशावरून ठरवायची?

शेवगावची_रूथ

जय ख्रिस्त. प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या, पण घरात सध्या यावरूनच वाजतंय म्हणून इथे टाकतेय.

मुलगा बारा वर्षांचा, सातवीत, सेमी इंग्लिश. वाचायला बसवलं की आमच्याकडे रोज महाभारत. मराठी वाचतो पण अडखळत, बोट ठेवूनसुद्धा ओळ सुटते, जोडाक्षर आलं की अंदाजाने काहीतरी ठोकून देतो, इंग्लिशमधले बी आणि डी अजून उलटसुलट. तोच धडा मी मोठ्याने वाचून दाखवला तर मात्र सगळं सांगतो, माझ्या लक्षात न राहिलेलं पण सांगतो. आणि मंडळीत साऊंडचं काम तोच बघतो. मागच्या ख्रिसमसला कॅरल सुरू व्हायच्या आधी स्पीकरमधून सारखा घुंऽऽ आवाज यायला लागला, मोठी माणसं माईक बदलत बसली, हा गेला आणि मिक्सरवरचा एकेक चॅनेल खाली करत करत कीबोर्डच्या चॅनेलवर थांबला, म्हणाला ही केबल लाइटच्या वायरला चिकटून टाकलीये, उचलून दुसऱ्या बाजूने घेतली, आवाज बंद.

आता या पोराला तीन जणांनी तीन मापं लावलीत. संडे स्कूलच्या लेखी परीक्षेत १०० पैकी २८, त्यामुळे टीचर म्हणतात दृढीकरणाच्या (कन्फर्मेशन, म्हणजे स्वतः विश्वास कबूल करून मंडळीत सामील व्हायचा विधी) वर्गाला अजून तयार नाही, थांबवू या. शाळेतल्या बाई म्हणतात आयक्यू करून घ्या. आणि गेल्या महिन्यात चर्चच्या हॉलमध्ये एक काउन्सिलर आले होते, बोटांचे ठसे घेऊन डीएमआयटी टेस्ट करतात, साडेचार हजार. त्यांच्या पत्रकावर वरती स्तोत्र १३९ छापलंय, "भयप्रद व अद्भुत रीतीने माझी घडण झाली आहे", आणि खाली लिहिलंय की देवाने तुमच्या मुलात काय ठेवलंय ते त्याच्या बोटांवर आहे. आमच्या ह्यांचं पक्कं झालंय की टेस्ट करायचीच, पाळकसाहेबांनी हॉल दिला म्हणजे चांगलंच असणार म्हणे. सासूबाईंचं म्हणणं असल्या टेस्ट म्हणजे अविश्वास, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करून घ्या, मोकळं व्हा.

मला स्वतःला कळत नाहीये की देवाच्या प्रतिरूपात घडवलेल्या लेकराला टक्के आणि आकडे लावायचे हे आपल्या विश्वासात बसतं का. बसत असेल तर कुठलं माप लावायचं? ज्यांना अनुभव आहे त्यांनी सांगा प्लीज.


अनघा_स्पेशल_एज्युकेटर

रूथताई, आधी साडेचार हजार वाचवा.

मी ख्रिश्चन नाही, तेव्हा बायबलचं इथले जाणकार सांगतील, मी माझ्या कामापुरतं बोलते. डीएमआयटीत बोटांवरचे लूप, व्होर्ल, आर्च हे ठशांचे प्रकार मोजतात, तळहातावरचा एटीडी नावाचा कोन काढतात आणि त्यावरून डावा मेंदू इतके टक्के, उजवा इतके, कुठली बुद्धिमत्ता किती टक्के असा जाडजूड रंगीत रिपोर्ट हातात देतात. ठशांचा अभ्यास हे शास्त्र खरंच आहे, डर्मॅटोग्लिफिक्स हे नाव हॅरल्ड कमिन्स यांनी १९२६ मध्ये दिलं, आणि डाउन सिंड्रोमसारख्या काही जन्मजात अवस्थांमध्ये हातावरच्या रेषा वेगळ्या असू शकतात हेही खरं. पण त्यावरून मुलाचं गणित किती टक्के आणि त्याने कॉमर्स घ्यावं की सायन्स हे कळतं याला काडीचाही आधार नाही. विकणारे सांगतात गर्भात ठसे आणि मेंदू एकाच काळात घडतात म्हणून दोघांचा संबंध. अहो त्या काळात किडन्याही घडत असतात, मग काय अंगठा बघून क्रिएटिनिन (किडनीसाठी रक्तात तपासतात ते) सांगणार का? आणि ज्या हॉवर्ड गार्डनर या मानसशास्त्रज्ञाच्या, बुद्धिमत्ता एक नाही अनेक असतात या थिअरीचं नाव घेऊन हे विकतात त्या गार्डनरनेच आपला या टेस्टशी संबंध नाही असं सांगितलंय.

तुम्ही जे लिहिलंय ना, ऐकलेलं सगळं कळतं पण छापील अक्षर वाचताना गाडी अडते, ओळी गळतात, अक्षरं उलटी होतात, त्यावरून इथे बसून निदान करणार नाही, पण लर्निंग डिसॅबिलिटीची तपासणी नक्की करून घ्या. सुरुवात डोळे आणि कान तपासण्यापासून, हे लोक हमखास विसरतात. मग सायकॉलॉजिस्ट बुद्धिमापन करतील. आपल्याकडे मुलांसाठी बिने-कामत किंवा मालिन यांची चाचणी जास्त वापरतात, काही ठिकाणी वेक्सलर. एकेका मुलाला समोर बसवून घेतात, आकडे सांगून उलटे म्हणायला लावतात, ठोकळे जुळवायला देतात, शब्दांचे अर्थ विचारतात, चित्रात काय राहिलंय ते विचारतात. शेवटी वाचन, लेखन, गणित कुठल्या इयत्तेच्या पातळीला आहे ते वेगळं बघतात. यात नुसत्या आयक्यूच्या आकड्याला मी फार किंमत देत नाही. बुद्धी वयाच्या मानाने ठीक आणि वाचन मात्र कितीतरी मागे, असा फरक पडतोय का ते बघायचं असतं. तसं निघालं तर मुलगा आळशी नाही आणि मठ्ठही नाही हे कागदावर येतं, आणि मग त्याला कसं शिकवायचं ते ठरवता येतं.


बोरिवलीचा_सॅमी

आमच्या मुलीची केली होती डीएमआयटी, रिपोर्ट अगदी तंतोतंत आला. हळवी आहे, कौतुक केलं की फुलते, आवड असेल त्यातच मन लावते, सगळं बरोबर. सगळंच थोतांड म्हणणं सोपं असतं. देवाने प्रत्येकाचे ठसे वेगळे केलेत ते उगाच का?


अनघा_स्पेशल_एज्युकेटर

सॅमी, कौतुक केलं की न फुलणारं एक पोर दाखवा मला. ती तीनही वाक्यं माझ्या मुलाला, पुतण्याला आणि खरं सांगायचं तर माझ्या नवऱ्यालाही लागू पडतात. ठसे वेगळे असतात म्हणून माणूस ओळखता येतो. माणूस कसा आहे ते त्यावरून कळत नाही, एवढंच म्हणणं आहे.


जुना_मास्तर

रूथताई, सलाम. जन्म शाळेत आणि संडे स्कूलमध्ये गेला म्हणून दोन शब्द.

सासूबाईंना सांगा, प्रार्थना जरूर करा, पण लूक स्वतः वैद्य होता आणि पौलाने त्याला बरोबर ठेवला होता, सोडून दिला नव्हता.

आता कुवतीचं. बायबलमधलं निर्गम ३१ काढा. नाव घेऊन "याला मी देवाच्या आत्म्याने परिपूर्ण केलंय" असं देव तिथे कोणाबद्दल म्हणतो? मोशेबद्दल नाही, अहरोनाबद्दल नाही, बसालेल नावाच्या कारागिराबद्दल. सोन्याचांदीचं काम, पितळेचं काम, रत्नांना कोंदण, लाकडावरचं कोरीव काम. आणि पुढे ३५ व्या अध्यायात त्याला आणि अहलियाबाला दुसऱ्यांना शिकवायची बुद्धी दिली असंही आहे. म्हणजे हाताचं काम ही दुय्यम गोष्ट, वाचणारा तो शहाणा, हे आपण नंतर आपल्या मनाने वाढवलंय.

दुसरं मत्तय २५, धनी गावाला जाताना दासांना पैसे देतो तो दृष्टांत. एकाला पाच, एकाला दोन, एकाला एक, ज्याच्या त्याच्या योग्यतेप्रमाणे. कुवत सारखी नसते हे येशू लपवत नाही बरं का, आपणच "सगळी मुलं सारखीच" म्हणून वेळ मारून नेतो. पण २१ वं आणि २३ वं वचन शेजारी शेजारी ठेवून वाचा. पाचाचे दहा करणाऱ्याला आणि दोनाचे चार करणाऱ्याला मिळालेली शाबासकी शब्दाला शब्द तीच आहे. "शाबास, भल्या व विश्वासू दासा." आम्ही शाळेत पहिल्या नंबराला ढाल द्यायचो आणि दुसऱ्याला पेन, धनी तसं करत नाही.

आणि लेखी परीक्षेचं म्हणाल तर आपल्या मराठी मंडळीचा अर्धा इतिहास कानाने शिकलेल्या माणसांचा आहे. गोव्यात फादर स्टीफन्सनी १६१६ मध्ये ख्रिस्तपुराण ओव्यांमध्ये का रचलं? म्हणता यावं, ऐकता यावं म्हणून. आमच्या नगरकडे कृष्णराव सांगळे ख्रिस्ती कीर्तन करायचे, समोर बसलेल्यांत अक्षरओळख असलेले किती असतील? माझी आजी अंगठेबहाद्दर होती, पण रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं चालीसकट पाठ आणि एखादं कडवं कोणी गाळलं की भर उपासनेत मागे वळून बघायची. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक शाळेत गेल्याच नाहीत, टिळकांनी शिकवायचं मनावर घ्यायचं आणि मधेच सोडायचं असं चाललेलं, त्या बाईने लिहिलेली स्मृतिचित्रे १९३४ ते ३६ मध्ये आली आणि मराठीत तिच्या तोडीचं आत्मचरित्र आजही शोधावं लागतं. लक्ष्मीबाईंना आपल्या संडे स्कूलचा पेपर दिला असता तर किती पडले असते सांगता येत नाही.

पंडिता रमाबाईंचं तर आणखी बोलकं. आईने तोंडी संस्कृत शिकवलं, रानावनात, तीर्थाच्या गावी फिरता फिरता. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती म्हटलं ते काही पेपर तपासून नाही, समोर बसवून, बोलतं करून. आणि नंतर ख्रिस्ती झाल्यावर केडगावला मुक्ती सदनात दुष्काळातल्या मुली आल्या तेव्हा बाईंनी सगळ्यांना एकाच बाकावर नाही बसवलं. कोणी छापखान्यात खिळे जुळवायला, कोणी मागावर, कोणी शेतात, कोणी गोठ्यात, आणि आंधळ्या मुलींना ब्रेल. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्यांच्या पश्चात १९२४ मध्ये पूर्ण बाहेर आलं, ते मुक्तीतल्याच बायकांनी छापलेलं. त्या खिळे जुळवणाऱ्या मुलींची लेखी परीक्षा कोणी घेतली होती की काय?

तेव्हा टीचरांना जाऊन सांगा, तोंडी घ्या. त्यात नवीन काही नाही आणि सवलत तर अजिबात नाही.


शंकेखोर

मास्तर, बसालेल झकास. (योसेफाबद्दल फारो उत्पत्ती ४१ मध्ये जवळपास तसंच बोलतो, पण तो फारो, देव नव्हे, त्यामुळे तुमचा मुद्दा राहतो.) पण मला भीती वेगळ्याच गोष्टीची वाटते.

साऊंड बघतो म्हणजे देवाने त्याला त्या कामासाठी घडवलंय, मग वाचन नाही आलं तरी चालतंय, हे आपल्या लोकांत फार पटकन बोललं जातं. प्रत्येकाला वेगळं दान, करिंथकरांस पहिलं पत्र, बारावा अध्याय, आमेन, आणि पोरगं सातवीत वाचू शकत नाही ते तसंच राहतं. बारावा अध्याय मंडळीत कोणी कोणाला हिणवू नये म्हणून लिहिलाय, पोराला शिकवायचा कंटाळा केला त्याला पांघरूण घालायला नाही.

गार्डनरचंही तसंच करून ठेवलंय. त्याने १९८३ मध्ये सात बुद्धिमत्ता मांडल्या, नंतर निसर्गाची आठवी घातली. आध्यात्मिक बुद्धिमत्ता त्याने यादीत घेतलीच नाही, ती नीट व्याख्येत बसेना म्हणून, त्यामुळे एसक्यूच्या (स्पिरिच्युअल क्वोशंट, आध्यात्मिक बुद्ध्यांक) नावाने जे चर्चमध्ये शिबिरं घेतात त्यांनी निदान त्याचं नाव तरी घेऊ नये. मुळात या आठ गोष्टी एकमेकींपासून खरंच सुट्या आहेत का यावर मानसशास्त्रज्ञांचे जोरदार आक्षेप आहेत, चाचण्यांमध्ये एकात बरं असणारं मूल बहुधा बाकीच्यांतही बऱ्यापैकी असतं. आणि व्हिज्युअल लर्नर, ऑडिटरी लर्नर हा अजून वेगळाच प्रकार. २००८ मध्ये पॅशलर आणि इतरांनी त्यावरचं संशोधन तपासलं तर मुलाच्या स्टाइलप्रमाणे शिकवल्याने जास्त शिकतात याला धड पुरावा मिळाला नाही. गार्डनरनेसुद्धा माझी थिअरी आणि लर्निंग स्टाइल एक करू नका म्हणून लिहिलंय. आधी एक शिक्का होता, आता आठ झालेत आणि प्रत्येकाला रंग दिलाय.

दुसरी बाजू पण ऐका, कारण रूथताईंनी विश्वासाचं विचारलंय. बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १९०५ मध्ये पॅरिसमध्ये बुद्धिमापनाची पहिली चाचणी केली ती वर्गात मागे पडणारी मुलं हुडकून त्यांना मदत द्यायला. हा आकडा कायमचा नाही, मुलं सुधारतात, असं त्याचंच मत होतं. ती चाचणी अमेरिकेत गेली, गोडार्डने भाषांतर केलं, टर्मनने १९१६ मध्ये स्टॅनफर्ड-बिने काढली, आणि मदतीचं राहिलं बाजूला, कोण कमअस्सल ते ठरवायला आकडा वापरायला लागले. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने बक विरुद्ध बेल खटल्यात अशा "मंदबुद्धी" ठरवलेल्या बाईची सक्तीने नसबंदी करणं कायदेशीर ठरवलं. आता चर्च काय करत होतं? १९२६ मध्ये अमेरिकन युजेनिक्स सोसायटीने सुप्रजननावर (म्हणजे "चांगल्या" माणसांनीच मुलं जन्माला घालावीत या विचारावर) प्रवचनांची स्पर्धा लावली होती, बक्षिसं ठेवून, आणि पाळकांनी प्रवचनं देऊन ती पाठवली. पुलपिटवरून, पवित्र शास्त्र हातात घेऊन. दुसरीकडे पोप अकरावे पायस यांनी १९३० च्या शेवटच्या दिवशी कास्ती कोनुबी हे परिपत्रक काढून सक्तीच्या नसबंदीला साफ विरोध केला. म्हणजे चर्च एका बाजूला होतं असं नाही, एकाच पुस्तकातून दोन्ही निघालं. त्यामुळे पत्रकावर स्तोत्र छापलंय हे बघून माझ्या तरी मनात आधी शंकाच येते.

आणि आपल्याकडे बिनेची चाचणी पहिल्यांदा कोणी बसवली माहितीये का? लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजमधल्या हर्बर्ट राइस यांनी, १९२२ मध्ये, हिंदुस्तानी मुलांसाठी. मिशन कॉलेजातला माणूस. पुढे व्ही. व्ही. कामतांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी केली, तीच अनघाताईंची बिने-कामत. तेव्हा मोजणं विश्वासात बसतं का हा प्रश्न मला तितका अवघड वाटत नाही, मोजून झाल्यावर पोराला खुर्ची पुढे देणार की मागे, तिथे सगळी गोम आहे.


जुना_मास्तर

शंकेखोर, प्रवचनांच्या स्पर्धेचं ठाऊक नव्हतं. वाचून गार झालो. वाचन सोडून द्या असं मी म्हटलं नाही हो, पण तसा अर्थ निघत असेल तर तुमचं बरोबर. नीतिसूत्रे २२:६ आम्ही नेहमी छडी उगारताना वापरलं, त्यात म्हटलंय मात्र "मुलाच्या स्थितीस अनुरूप असे शिक्षण त्याला दे". शिक्षण दे, हेही त्यातच आहे.


वसईची_टीचर

मी कॅथलिक आहे, पॅरिशमध्ये फर्स्ट कम्युनियनची (पहिल्यांदा प्रभूची भाकर घेणारी) मुलं शिकवते, तर मला त्या "तयार नाही, थांबवू या" वर बोलायचंय.

हा वाद आमच्यात शंभर वर्षांपूर्वी होऊन गेलाय. तेव्हा मुलांना पहिलं कम्युनियन द्यायला दहा, बारा, काही ठिकाणी चौदा वर्षांपर्यंत थांबवायचे, कारण काय तर सगळा कॅटेकिझम (धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरं) आला पाहिजे. १९१० मध्ये पोप दहावे पायस यांच्या काळात क्वाम सिंग्युलारी हा हुकूम निघाला, त्यात स्पष्ट लिहिलं की धर्मशिक्षणाचं पूर्ण ज्ञान असायची गरज नाही, साधारण सात वर्षांच्या मुलाला आपल्या वयाच्या मानाने मुख्य गोष्टी कळल्या आणि ही भाकर रोजच्या भाकरीपेक्षा वेगळी आहे एवढं समजलं तर पुरे. म्हणजे परीक्षा आहे, नाही असं नाही, पण ती एवढीच आहे. तुमच्याकडे दृढीकरणाचे नियम वेगळे असतील, पण पाळकांना एवढं तरी विचारा की या मुलाला विश्वास कळलाय का हे तुम्हाला बघायचंय, का त्याला शुद्धलेखन येतं का ते?

माझ्या वर्गात डाउन सिंड्रोम असलेली एक मुलगी होती. बोलणं फार थोडं. तिला मी पुस्तक लावलंच नाही. लाकडाची छोटी वेदी, छोटा कटोरा, छोटी थाळी, मेणबत्ती, एवढं घेऊन बसायचो. मी मांडायचे, मग ती मांडायची. पहिले कितीतरी रविवार ती नुसती मेणबत्ती विझवायची आणि हसायची, मलाच वाटायला लागलं की मी स्वतःचीच समजूत घालतेय. मग एका रविवारी मी घाईत कटोरा खाली ठेवला, चटईच्या बाहेर, तर तिने तो उचलला, तिच्या फ्रॉकने पुसला आणि वेदीवर दोन हातांनी ठेवला. फादर दारात उभे होते. म्हणाले हिला यादीत घ्या. ही पद्धत माझी नाही, रोममध्ये सोफिया काव्हालेत्ती या बाईंनी १९५४ पासून मुलांबरोबर असं काम केलं, आणि त्याच्या मागे माँटेसरी आहेत. माँटेसरीबाई स्वतः कॅथलिक, आणि त्यांची सुरुवातच रोममधल्या ज्या मुलांना शाळेने "शिकवण्यासारखी नाहीत" म्हणून सोडलं होतं त्यांच्यापासून झाली. त्यातल्या काही मुलांनी वाचायला लिहायला शिकून सरकारी परीक्षा दिली तेव्हा लोक वाहवा करायला लागले आणि बाईंना प्रश्न पडला की मग आपल्या धडधाकट मुलांना शाळेत करतायत तरी काय.

उलट बाजूही सांगते, शंकेखोर खूश होतील. "विश्वास ऐकण्याने होतो" हे रोमकरांस पत्रातलं वचन घेऊन बहिऱ्या माणसांना विश्वास कळूच शकत नाही असं कितीतरी काळ धरलं गेलं. पॅरिसमध्ये अठराव्या शतकात लेपे नावाच्या फादरांना दोन बहिऱ्या बहिणी भेटल्या, या मुली धर्मशिक्षणावाचून राहणार या काळजीने त्यांनी खुणांनी शिकवायला घेतलं आणि त्यातून बहिऱ्यांची शाळा उभी राहिली. वचन तेच होतं हो, फादरांनी फक्त कानाची अट सोडली.


शंकेखोर

खूश झालो. 🙂 कटोऱ्याचं वाचून थोडा गप्पही झालो.


शेवगावची_रूथ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री ह्यांना सगळं वाचून दाखवलं. किडनीवर हसले आणि डीएमआयटीचं नाव काढायचं नाही असं स्वतःच म्हणाले, पण लगेच पुढचं, की मग आयक्यूत आकडा कमी आला तर? आणि मला खरी भीती आकड्याची नाही, मंडळीची आहे. आमच्याकडे प्रार्थनेचे विषय विचारतात ना रविवारी, कोणीतरी उभं राहून "रूथताईंच्या मुलाच्या मेंदूसाठी प्रार्थना करा" म्हणणार, चांगल्या मनानेच म्हणणार, आणि पोरगं मिक्सरच्या मागे बसून ते ऐकणार, तोच माईक त्यानेच चालू करून दिलेला असणार.

संडे स्कूलच्या टीचरशी बोलले. तोंडी घ्यायला त्या तयार आहेत पण म्हणाल्या एकालाच तोंडी घेतली तर बाकीच्या आया भांडायला येतील. पाळकसाहेबांकडे अजून गेले नाही, हॉल त्यांनी दिलेला, कसं बोलायचं सुचत नाहीये.


जुना_मास्तर

सगळ्यांचीच निम्मी तोंडी घ्या म्हणावं, आया गप्प बसतील, आणि वचनं पाठ करणारे पोपट कोण आणि कळलेले कोण तेही टीचरांना कळेल. पाळकसाहेबांशी हॉलवरून सुरुवातच करू नका. मुलाचं सांगा, मदत मागा. पत्रकाचा विषय मी काढतो, आमची जुनी ओळख असलेले कोणीतरी तिकडे निघेलच, म्हाताऱ्यावर कोणी रागावत नाही.


अनघा_स्पेशल_एज्युकेटर

रूथताई, आकडा कमी आला तर कमी आला, पण मग त्याला कुठे अडतंय ते कळून त्याप्रमाणे शिकवता येईल, आत्ता तर तुम्ही दोघं अंधारातच रोज भांडताय. शिवाय चांगले सायकॉलॉजिस्ट नुसता एक आकडा सांगून पाठवत नाहीत, कुठल्या भागात वर, कुठल्या भागात खाली ते समजावून सांगतात. मुलालाही सांगायला लावा, त्याला समजेल अशा भाषेत, त्याला आधीच काहीतरी वाटत असतं आणि ते बहुतेक वेळा रिपोर्टपेक्षा वाईट असतं.

रिपोर्ट तुमचा आहे. मंडळीला द्यायची काही गरज नाही, शाळेलाही प्रमाणपत्र आणि शिफारशी दिल्या तरी बहुधा भागतं. प्रार्थनेचा विषय द्यायचाच असेल तर "अभ्यासासाठी" एवढंच द्या, तो सगळ्यांच्याच मुलांचा असतो.

२०१६ च्या अपंग हक्क कायद्यात लर्निंग डिसॅबिलिटी आलेली आहे आणि आपल्या बोर्डात जादा वेळ, लेखनिक, स्पेलिंगचे मार्क न कापणं अशा सवलती आहेत, पण त्यासाठी सरकारमान्य हॉस्पिटलचं प्रमाणपत्र लागतं, खाजगी रिपोर्ट चालत नाही. तिथे नंबर लागायला वेळ लागतो, म्हणून दहावीची वाट बघू नका, आत्ता सुट्टीतच अर्ज करा. जाताना शाळेचं पत्र, गेल्या दोन वर्षांची प्रगतीपुस्तकं आणि त्याच्या दोन-तीन वह्या न्या, नीट नेटक्या केलेल्या नको, रोजच्या, खाडाखोड असलेल्या. आणि वाचनाचं काम निकालासाठी थांबवू नका. रोज पंधरा मिनिटं, जोडाक्षरं तोडून तोडून, त्याच्या आवडीचा मजकूर घेऊन. मिक्सरचं मॅन्युअल चालेल.